जुनें ग्राफिक्स कार्ड आणि खारा वारा

गेल्या वैशाखांत आम्ही चार दिवस श्रीवर्धनास भगिनीचे घरीं होतों. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि तेथील नारळीपोफळींच्या कित्येक बागा आडव्या झाल्या, हें वाचकांस स्मरत असेलच. आमच्या मेहुण्यांची वाडीही त्यांत गेली. पोफळीचें रोप लावल्यापासून धरूं लागेपर्यंत पांच-सहा वर्षें तरी लोटतात. तोंवर घराचा भार थोरल्या भाच्यानें उचलला आहे. नियोजित इमारतींचीं त्रिमित चित्रें तो संगणकावर तयार करून देतो. एकेका कामास रात्ररात्र लागते, आणि तें वेळेवर न गेल्यास पुढचें काम दुसऱ्याकडे जातें.

त्याच्या यंत्रांतील ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६०, म्हणजे २०१६ सालीं निघालेलें. "मामा, नवें घेण्याची सध्यां ऐपत नाहीं. आहे तेंच अधिक वेगानें चालवितां येईल का?" असें त्यानें विचारलें. यावर भगिनी म्हणाली, "दादा, वेग वाढवायला जाऊन आहे तेंही जळलें, तर घर कशावर चालेल?" दोघांचेंही म्हणणें रास्त होतें. अशीच अडचण आमच्या अनेक वाचकांच्या घरीं असेल, म्हणून झालेली हकीकत येथें देत आहों.

या कार्डाचा मूळ वेग १,५०६ मेगाहर्ट्झ व वाढीव वेग १,७०८ मेगाहर्ट्झ असा ठरलेला आहे. चिप थंड असेल तर कार्ड आपण होऊन याच्याही वर जातें. परंतु उष्णता सुमारें ८३ अंश सेल्सिअसला पोहोंचली कीं आपण होऊनच वेग उतरवूं लागतें. पूर्ण भाराखालीं तें सुमारें १२० वॉट वीज घेतें, आणि ती जवळजवळ सर्व अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. सबब, उष्णतेस वाट न देतां वेग वाढविणें म्हणजे तुंबलेल्या मोरींत आणखी पाणी ओतणें होय.

आम्हीं पाहिलें तेव्हां यंत्र माजघरांतील फडताळांत कोंडलेलें होतें. खोलींत ३३ अंश, कार्डावर ८४ अंश, आणि वेग जेमतेम १,६००. हवेनें थंड होणारी वस्तु खोलीहून थंड होऊं शकत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. भाच्यानें उपाय म्हणून पेटीची बाजू उघडून ती समुद्राकडील खिडकीशीं ठेवली. उष्णता उतरली खरी. पण भगिनीनें खिडकींतील तांब्याच्या हंड्यावर चढलेला हिरवा कळंक बोटानें दाखविला. हवेंतील ओलावा सुमारें ७५ टक्क्यांवर गेला कीं मिठाचे कण पाणी शोषून विरघळतात, आणि तें खारें पाणी तांबें खातें. कार्डांतही तांबेंच आहे! पेटी तत्काळ आंत घेतली.

मग रीतसर कामास लागलों. वीज तोडून, प्रथम पेटीच्या पत्र्यास हात लावून कार्ड काढलें. थंडाव्यासाठीं बसविलेल्या धातूच्या पातळ पात्यांत धुळीचा नमदा झाला होता. कढत चहा बशींत ओतल्यानें लवकर निवतो, तसेंच या पात्यांचें कार्य: हवेस पृष्ठभाग अधिक मिळावा. तो नमदा मऊ ब्रशानें काढला, पंखा फिरूं नये म्हणून बोटानें धरून. चिप व धातू यांमधील थर्मल पेस्ट सुकली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी घातली. पेटीस पुढें खालीं हवा आंत ओढणारा व मागें वर ती बाहेर टाकणारा असे दोन पंखे लावले, आणि आंत येणाऱ्या वाटेवर धुतां येण्याजोगी जाळी बसविली. यंत्र फडताळांतून काढून आंतल्या भिंतीशीं, वीतभर अंतर सोडून ठेवलें.

त्याच खोलींत कार्ड ७० अंशांवर आलें व वेग १,८५० झाला. तासाभराचें चांचणीचित्र ५३ मिनिटांत निघालें. त्यानंतरच वेग वाढविण्यास हात घातला. प्रत्येक वेळीं २५ मेगाहर्ट्झ वाढवून तासभर काम देऊन पाहिलें. दीडशे वाढविल्यावर चित्रांत तुरळक ठिपके दिसले, म्हणून शंभरावर परत आलों. विजेचा दाब मुळींच वाढविला नाहीं, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. चित्रास आतां ५१ मिनिटें लागलीं. म्हणजे वांचलेल्या नऊ मिनिटांपैकीं सात नुसत्या स्वच्छतेनें व वाऱ्यानें मिळालीं!

मेहुणे ओटीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "आळें साफ ठेवावें, पाणी द्यावें. रोप ओढून उंच होत नाहीं." भाच्यानें हंसून शंभरांतले पन्नास कमी केले.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांनीं दर तीन महिन्यांनीं जाळी धुवावी व ती पूर्ण वाळल्यावरच लावावी. पावसाळ्यांत काम नसलें तरी यंत्र रोज थोडा वेळ चालवावें, म्हणजे त्याच्याच उबेनें आंतील दमटपणा जाईल. भाच्याचें त्या आठवड्याचें काम वेळेंत गेलें, असें आम्ही निघतांना भगिनीनें सांगितलें.