यंत्रे आली, माणसे कुठे आहेत?

कोविडच्या साथीत 'व्हेंटिलेटर' हा राज्यकर्त्यांचा परवलीचा शब्द बनला. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार देशी व्हेंटिलेटरांसाठी २ हजार कोटी रुपये जाहीर झाले आणि यंत्रांची संख्या हाच आरोग्यसेवेचा पुरावा ठरला. तो किती अपुरा आहे, हे रुग्णाच्या छातीत काय घडते ते पाहिल्यावर कळते.

विषाणूने सुजलेले फुप्फुस ताठर आणि नाजूक होते. त्यात यंत्राने दाबून हवा भरताना वायुकोश फुटले, की हवा फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत कोंडते. फुप्फुस आकसते, दाब वाढत गेला तर हृदयाकडे परतणारे रक्तही अडते आणि रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. न्यूयॉर्कमधील एका संस्थेत २०२० साली व्हेंटिलेटरवरील ६०१ कोविडग्रस्तांपैकी ८९ जणांत अशी हवागळती आढळली.

'हा तर रोगाचाच परिणाम' हे यावरचे तयार उत्तर अर्धसत्य आहे. व्हेंटिलेटर न लावलेल्यांतही गळती होते, हे खरे. परंतु यंत्राने प्रत्येक श्वासाला किती हवा द्यावी, हे विषाणू ठरवीत नाही. अशा तीव्र फुप्फुसविकारात दर किलो अपेक्षित वजनामागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, हे अमेरिकेतील चाचणीने २००० सालीच दाखवले होते. गळती झालीच, तर छातीत नळी घालून तिचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचे, इतका हा उपाय साधा आहे. मात्र पहाटे तीन वाजता प्राणवायू एकाएकी का घसरला, हे ओळखणारा डॉक्टर आणि खाटेशी जागी असलेली परिचारिका हवी. ती निविदा काढून विकत मिळत नाही.

नेमकी तीच आमच्या राज्यकर्त्यांना परवडत नाही! यंत्राचे उद्घाटन एकदाच करावे लागते, परिचारिकेला वेतन दरमहा द्यावे लागते. साथीत रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली. साथ ओसरताच कंत्राटी कर्मचाऱ्यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला. सार्वजनिक आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. त्या वचनाचा हिशेब जनतेने मागितलाच पाहिजे.

अर्थसंकल्पात यंत्रांच्या आकड्याशेजारी अतिदक्षता विभागांतील कायम, प्रशिक्षित पदांचाही आकडा छापा. तो छापण्याची हिंमत नसेल, तर नुसत्या यंत्रखरेदीला आरोग्यसेवा म्हणू नका.