गाठ सापडल्यानंतर काय?

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका संस्थेने २००० साली तो सुरू केला. दरवर्षी तो आला की ‘डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका’ असे फलक लागतात. ‘दिवस’ साजरे करण्याबद्दल माझी एरवीही तक्रार असते, पण या दिवसाबाबत ती जास्त गंभीर आहे. डोकेदुखीमागे गाठ असणे विरळाच. शिवाय स्तनाच्या कर्करोगासाठी जशी मॅमोग्राफी आहे, तशी मेंदूतली गाठ लक्षणांआधी हुडकणारी सरसकट तपासणी नाही. म्हणून माहितीची खरी गरज निदानानंतर पडते, आणि नेमकी तिथेच आपल्याकडे बोंब आहे.

इतर आजारांत रुग्ण स्वतः विचारतो, लक्षात ठेवतो, गोळ्या सांभाळतो. इथे आजार त्या क्षमतेवरच घाला घालू शकतो. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असेल तर शांत माणूस तापट होतो किंवा कशातच लक्ष घालेनासा होतो. दुसरीकडे असेल तर शब्द सापडत नाहीत. हा स्वभाव नसून आजार आहे, हे कुणी सांगितले नाही तर घरात भांडणे होतात. या आजारात फीटही येऊ शकते. ती आली की लोक कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. खरे तर कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत फीट थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठायचे. मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकते. एवढी माहिती एका कागदावर मावते.

यावर पहिला आक्षेप येतो की माहितीने माणसे घाबरतात. पण ती आधीच घाबरलेली असतात, आणि मोबाइलवर शोधले की पुढे येतो तो ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक प्रकारांपैकी एक. मेंदूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. मेनिन्जिओमा बहुधा सावकाश वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे नीट जगतात. आपली गाठ कोणती आणि कोणत्या ग्रेडची, म्हणजे किती आक्रमक, हे कळले तर निम्मी भीती अकारण होती हे तरी समजते. आणि गाठ वाईटच निघाली तर कुटुंबाला उरलेल्या काळाचा विचार करता येतो. दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांना वेळ नसतो. तो खरा आहे. म्हणूनच हे काम परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवकांकडे सोपवायला हवे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत घाईघाईने सांगितलेले वाक्य घरी पोचेपर्यंत टिकत नाही, कागद टिकतो.

मदत मुळीच नाही असे नाही. परळच्या टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण नांदेडहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या माणसाला यातले काय कुठे मिळते, हे बऱ्याचदा शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक सांगतो. उपचाराचा रस्ता असा योगायोगावर सोडू नये. मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एक पान द्यावे: गाठीचे नाव, कोणत्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, फीट आली तर काय करायचे आणि अडचणीत कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. तुमच्या घरात कुणी रुग्ण असेल, तर ते पान मागितल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.