निवडणुकीला गाडी चालते, मग ठेक्याला का नाही?

निवडणूक जाहीर झाली की पेण-रोह्यातल्या गाडीवाल्यांच्या हातात एक कागद पडतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १६०. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी गाडी घेऊन हजर राहायचं. मतदान यंत्रं आणि कर्मचारी केंद्रावर पोचवायचे असतात. तेव्हा कुणी विचारत नाही की तुमची तीन वर्षांची उलाढाल किती, एकच जीप आहे की दहा, याआधी सरकारी काम केल्याचा दाखला आहे का. गाडीचे कागद नीट आहेत आणि चालकाला रस्ता माहीत आहे, एवढं सरकारला पुरतं.

मतमोजणी होते, गुलाल बसतो. मग पुढची पाच वर्षं त्याच सरकारला त्याच जीपवर भरवसा नसतो.

सरकारी वाहतुकीचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महामार्ग आणि डंपर येतात. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. पेण, वडखळ, नागोठणे या पट्ट्यातली एक पिढी त्या खड्ड्यांतून शाळेत गेली आणि नोकरीला लागली. ते मोठं काम, मोठ्या कंपन्यांचं. पण रोजची सरकारी वाहतूक त्याहून साधी असते. गोदामातून रेशन दुकानापर्यंत धान्य. उन्हाळ्यात पेणच्या खारेपाटात पाण्याचे टँकर. (हेटवणे धरण याच तालुक्यात आहे आणि तरी खारेपाटाला टँकर लागतात, त्यावर वेगळा अग्रलेख लिहावा लागेल.) कार्यालयांना भाड्याने लागणाऱ्या गाड्या, आश्रमशाळांची ने-आण, लसीकरणाच्या मोहिमा. हे काम छोटा हत्ती, पिकअप, इको आणि एक-दोन ट्रक असलेला माणूस करू शकतो. खरं सांगायचं तर आजही बहुतेक वेळा तोच करतो. फक्त ठेका त्याच्या नावावर नसतो.

ठेका ज्याच्या नावावर असतो त्याच्याकडे उलाढालीचा दाखला असतो, अनुभवाचा दाखला असतो आणि बँक हमी असते. गाडी, चालक आणि डिझेल आपल्या पोराचं. पोटठेकेदार म्हणून त्याला मिळतो तो दर मधल्या माणसाने आपला वाटा काढून घेतल्यानंतरचा. बिल उशिरा निघालं तर मोठा ठेकेदार थांबू शकतो. ज्याचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो तो थांबू शकत नाही.

एमएच ०६ हा नंबर पेणच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. जिल्ह्यातल्या मिनीडोअरपासून ट्रकपर्यंत गाड्या तिथे रस्त्यावर धावायला लायक ठरतात. त्या गाड्यांना काम देणाऱ्या निविदेत मात्र अडचण गाडीची नसतेच, कागदाची असते. अनुभव असल्याशिवाय काम नाही आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही, हे कोडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसरी अडचण आकाराची. रायगडात तालुके पंधरा. पंधरा तालुक्यांचं काम एका निविदेत बांधलं की रोह्याचा दोन गाड्यांचा मालक पहिल्याच पानावर बाद होतो. पोलादपूरला धान्य पोचवायची त्याची ना तयारी असते ना गरज. त्याला फक्त रोहा तालुका हवा असतो.

एकत्र बांधण्याची ही सवय फक्त जिल्ह्यापुरती नाही. एसटीसाठी १,३१० बस भाड्याने घ्यायच्या होत्या तेव्हा राज्याचे तीन मोठे समूह करून तीन कंपन्या निवडल्या गेल्या. गैरव्यवहाराची ओरड झाल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या प्रक्रियेला स्थगिती दिली. चर्चा किलोमीटरच्या दराची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण समूह इतका मोठा केल्यावर स्पर्धेला उरतं कोण, हा प्रश्न दराच्या आधीचा आहे.

आता आपल्या समाजाबद्दल. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातून शिक्षण आणि नोकऱ्यांचे आकडे आपण भाषणांत शेकडो वेळा ऐकले. त्याच अहवालात असंही आहे की मुस्लिम कामगारांत स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, बँकांच्या कर्जातला वाटा मात्र लोकसंख्येच्या मानाने कमी. काही बँकांनी काही वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ म्हणून बाजूला काढल्याचंही समितीने नोंदवलं. म्हणजे पोरगा गाडी घेतो ती आखातातल्या भावाच्या पैशावर किंवा फायनान्स कंपनीच्या चढ्या व्याजावर, आणि बँक हमी मागितली की तो उभाच राहू शकत नाही. पेणमध्ये तर २०१० साली अर्बन बँक बुडाली तेव्हा सगळ्याच समाजांतल्या छोट्या धंदेवाल्यांची गंगाजळी गेली. कातकरी आणि दलित वस्त्यांतले गाडीवाले, मच्छीमार, आगरी शेतकऱ्यांची मुलं यांची अडचण आपल्यासारखीच आहे. ही गोष्ट आपण विसरू नये.

कर्नाटकाने मार्च २०२५ मध्ये सरकारी ठेक्यांत २-ब प्रवर्गाला, म्हणजे मुस्लिमांना, चार टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवलं. आपल्याकडेही तसंच मागावं, असं अनेक तरुण मित्र म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. मागासलेपणाच्या आधारावर हक्क मागण्यात चूक काहीच नाही. पण आज महाराष्ट्रात ही मागणी केली की चर्चा गाडीवाल्याची राहत नाही, टीव्हीवरच्या आरडाओरड्याची होते. २०१४ च्या पाच टक्के आरक्षणाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. अमेरिकेतही १९८३ पासून महामार्गांच्या सरकारी पैशातला दहा टक्के वाटा सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचित मालकांच्या छोट्या धंद्यांकडे जावा, असं उद्दिष्ट आहे. तिथे २०२५ मध्ये वंश आणि लिंग पाहून वंचित मानण्याचा भाग सरकारने काढला. आता प्रत्येकाने आपलं वंचितपण स्वतः सिद्ध करायचं. पण मोठं काम फोडून छोट्यांना झेपेल असं करा, ही त्याच नियमावलीतली सूचना कुणाची जात-वंश विचारत नाही.

आम्हाला तीच वाट जास्त टिकाऊ वाटते. ती महाराष्ट्राला नवीही नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के आणि बाकी ३४ टक्के खुल्या स्पर्धेला, अशी कामवाटपाची पद्धत आपल्या राज्यानेच घातली. अभियंत्याला पहिलं काम मिळावं म्हणून वाट काढता येते, तर गाडीवाल्यासाठी का नाही? धान्य, टँकर आणि भाड्याच्या गाड्यांची निविदा तालुकावार काढावी, छोट्या कामांना उलाढालीची अट नसावी आणि चार-पाच मालकांनी एकत्र येऊन भरलेली निविदा मान्य व्हावी, ही आमची जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे. यात धर्माचा शब्दही नाही आणि फायदा आपल्याला पुरेपूर आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी आदेशानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये वाढला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. या उद्योगांना निविदा अर्ज फुकट आणि बयाणा रक्कम माफ असते. सेवाही यात मोडतात. हा आदेश राज्याच्या खात्यांना लागू नाही, पण केंद्राची कार्यालयं आणि उपक्रम आपल्या जिल्ह्यातही आहेत. रोह्यापासून तर कोकण रेल्वे सुरू होते, आणि १९९९ साली मालट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा तिने सुरू केली ती याच तालुक्यातल्या कोलाडहून.

हा लाभ मिळतो तो उद्यम नोंदणी असलेल्याला. नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासाचं काम. तरीही कित्येक गाडीवाल्यांकडे ती नाही, कारण कुणी सांगितलंच नाही किंवा एजंटने त्याचेही पैसे सांगितले. ज्या बहिणीच्या नावावर गाडी आहे तिने तर आजच करावी, मात्र धंदा खरंच तिच्या हातात असावा, नुसतं नाव नको. आणखी एक गोष्ट: २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. हे राज्याच्या कार्यालयांनाही चुकत नाही. ते व्याज घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं, मूळ रकमेसाठी तरी सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. पण नोंदणी काम घेण्याआधीची हवी.

जमातींनीही थोडा विचार करावा. बैतुलमालमधून आपण लग्न आणि दवाखान्याला मदत करतो, तो सवाब आहेच. चार तरुण गाडीवाल्यांना अनामत रकमेपुरतं कर्जे हसना दिलं आणि ठेका संपल्यावर परत घेतलं तर तोही खर्च नाही, फिरतं भांडवल आहे. या चौघांत एखादा कातकरी वाडीतला मुलगा असेल तर आणखी चांगलं.

सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करता येईल. पेण आणि रोहा तहसील कार्यालयांना विचारा की मागच्या तीन वर्षांत धान्य वाहतूक, टँकर आणि भाड्याच्या गाड्यांचं काम कुणाला, कोणत्या अटींवर, किती दराने दिलं. अर्जाला दहा रुपये लागतात. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून तीन कामांचे तीन वेगळे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलेली उत्तरं आमच्याकडे पाठवा, इथेच छापू.