फॉरमॅट मारण्याआधी



घरातला जुना संगणक आता रोज कोणी लावत नाही. काही कारण निघालं तरच त्याच्यावरचं कापड निघतं. जुन्या लग्नाची आमंत्रणयादी हवी असते, मंडळाच्या स्मरणिकेतला एखादा लेख हवा असतो, नाहीतर आजोबांनी कोणाकडून तरी टाइप करून घेतलेली वंशावळ हवी असते. बटण दाबावं, तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ उमटते, ‘इनव्हॅलिड बूट डॉट आयएनआय फाइल’. मग कॅबिनेट रिक्षात घालून कोप्पीकर रोड गाठायचा. तिथे पहिला प्रश्न येतो, “फॉरमॅट मारू का?”

या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणू नका, एवढं सांगण्यासाठी आजचा लेख आहे. असा संदेश आला म्हणजे तुमच्या फाइली गेल्या, असं नसतं. बहुतेक वेळा त्या जागच्या जागी असतात. हरवलेली असते ती चार-सहा ओळींची एक चिठ्ठी. फॉरमॅट मारला, तर मात्र त्या फाइली खरोखरच हातच्या जातात.

ही चिठ्ठी म्हणजे बूट डॉट आयएनआय नावाची फाइल. विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्या विंडोज २००० मध्ये ती सी ड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर असते. संगणक सुरू झाला की आधी एनटीएलडीआर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि ही चिठ्ठी वाचतो. विंडोज कितव्या डिस्कवर, डिस्कच्या कितव्या भागात आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढाच पत्ता तिच्यात असतो. चिठ्ठी नसली तर एनटीएलडीआर पहिल्या डिस्कच्या पहिल्या भागात ‘विंडोज’ नावाचं फोल्डर शोधतो. पत्ता न सांगता रिक्षात बसलं, तर रिक्षावाला सवयीने सीबीटीला नेऊन सोडेल, तसंच हे. तुम्हाला सीबीटीलाच जायचं असेल तर काहीच बिघडत नाही. म्हणूनच काही घरांत तो संदेश क्षणभर दिसतो आणि विंडोज नेहमीसारखं सुरू होतं.

अडचण होते ती विंडोज दुसऱ्या भागात असेल तर. पूर्वी पुष्कळ घरांत सी ड्राइव्हवर विंडोज ९८ ठेवून डी ड्राइव्हवर एक्सपी टाकलेलं असे. अशा संगणकाची चिठ्ठी हरवली किंवा तिच्यातला पत्ता चुकला, तर स्क्रीनवर एचएएल डॉट डीएलएल ही फाइल सापडत नाही, असा संदेश येऊ शकतो. प्रत्यक्षात ती फाइल जागेवर असते, शोध भलत्या घरात चाललेला असतो.

ही फाइल जाते कशी? एरवी ती लपवलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. कोणीतरी लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करतं आणि साफसफाईच्या भरात ‘ही कसली फाइल’ म्हणून ती काढून टाकतं. कधी वीज अचानक जाते आणि डिस्कवरचं लिखाण बिघडतं. डिस्क म्हातारी झाली असेल तर तेही कारण असू शकतं.

आता उपाय. क्रम सोडू नका.

आधी पेनड्राइव्ह, फ्लॉपी, सीडी, जे काही लावलेलं असेल ते काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असा संदेश असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं, कारण संगणक त्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसलेला असतो. घड्याळातली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला आहे असं समजा. तो संपला की कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, हेही संगणक विसरू शकतो. सेल बदला आणि बायॉसमध्ये जाऊन हार्ड डिस्कचा क्रम पाहून घ्या.

दुसरं, डिस्कचा आवाज ऐका. आतून ठरावीक लयीत टक-टक येत असेल तर संगणक बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. तो आजार वेगळा आहे, घरगुती उपायाने बरा होणारा नाही.

तिसरं, संदेश येऊनही विंडोज सुरू होत असेल, तर दुरुस्ती नंतर, आधी फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट ३२ पद्धतीचा घ्या. मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे येतात आणि जुन्या एक्सपीला ते वाचता येत नाहीत.

फाइली सुरक्षित झाल्या की चिठ्ठी नव्याने लिहायची. त्यासाठी एक्सपीची सीडी लागते. सीडीवरून संगणक सुरू करा. निळ्या स्क्रीनवर तीन पर्याय येतील. तिथे एंटर दाबू नका, तो नव्याने विंडोज टाकण्याचा रस्ता आहे. ‘आर’ दाबा, म्हणजे रिकव्हरी कन्सोल उघडेल. सापडलेल्या विंडोजचा क्रमांक विचारला जाईल, बहुधा १ असतो. तो देऊन एंटर दाबा. मग अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जाईल. घरच्या संगणकावर तो कधी ठेवलेलाच नसेल तर नुसतं एंटर पुरतं.

आता आज्ञा द्यायची, ‘बूटसीएफजी रिबिल्ड’. टाइप करताना इंग्रजीत बूट, त्याला जोडूनच सी, एफ, जी, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून रिबिल्ड. संगणक डिस्क तपासतो आणि सापडलेलं विंडोज यादीत घालू का, असं विचारतो. ‘वाय’ म्हणा. नाव विचारलं की ‘विंडोज एक्सपी’ लिहा, कारण ते नाव फक्त तुम्हाला दिसण्यासाठी आहे. पर्याय विचारले की तिरकी रेघ देऊन ‘फास्टडिटेक्ट’ लिहा. शेवटी ‘एक्झिट’ म्हणा आणि सीडी काढा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

याच कन्सोलमध्ये ‘फिक्सएमबीआर’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. कोणी सांगितली म्हणून ती सहज चालवू नका. डिस्कच्या विभागणीलाच धक्का लागू शकतो, असा इशारा ती स्वतःच देते. आणि तुमचा संगणक विंडोज व्हिस्टा, ७ किंवा त्यापुढचा असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे बूट डॉट आयएनआयची जागा बीसीडी नावाच्या नोंदवहीने घेतली आहे. विंडोजच्या डीव्हीडीवरची ‘स्टार्टअप रिपेअर’ ही सोय ती दुरुस्त करते.

हे घरी जमणार नसेल तर दुकानात जरूर जा. दुकानदाराच्या बाजूनेही पाहू. फॉरमॅटचं काम ठरलेल्या वेळात उरकतं आणि संगणक हमखास सुरू होतो. तुमच्या डिस्कवर वंशावळ आहे, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचं कसं? म्हणून आधीच सांगा, “फॉरमॅट माडब्याड्री, डेटा बेकु.” डिस्क बाहेर काढून, यूएसबीची जोडणी लावून दुसऱ्या संगणकावर फाइली उतरवून द्यायला सांगा. चपटी रुंद पट्टी जोडलेली जुनी आयडीई डिस्क असो की बारीक वायरची साटा, दोन्हींसाठी अशी जोडणी मिळते. दुरुस्तीचं काय ते त्यानंतर ठरवा.

फाइली उतरवताना आपल्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे फॉन्ट. त्या काळातलं बरंचसं मराठी श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनी, युनिकोडशिवाय टाइप झालेलं आहे. आपल्याकडे नुडी आणि बरहा वापरून केलेल्या जुन्या कन्नड मजकुराचीही पुष्कळदा हीच गत आहे. अशा फाइलीत खरं पाहता इंग्रजी अक्षरांचे आणि खुणांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फाइल नव्या लॅपटॉपवर नेली आणि फॉन्ट मागेच राहिला, तर आजोबांच्या वंशावळीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या. जुना संगणक चालतो आहे तोवर महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत कागदावर छापून ठेवा. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करताना ताडून पाहायला तीच उपयोगी पडते.

संगणक सुरू झाला की बूट डॉट आयएनआयमधल्या ओळी एका कागदावर उतरवून एक्सपीच्या सीडीच्या पाकिटात ठेवा. उतरवताना जपा, त्यात डिस्कची मोजणी शून्यापासून होते आणि भागांची एकपासून. या संगणकाला इंटरनेटही जोडू नका. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार काढून घेतला, त्यामुळे त्यातल्या नव्या त्रुटींसाठी नियमित दुरुस्त्या येत नाहीत. गरज लागेल तेव्हा लावावा, हवं ते काढून घ्यावं आणि बंद करावा.

स्मरणिकेचे जुने अंक, मंडळाच्या याद्या, घरातल्या ज्येष्ठांनी सांगितलेल्या आणि कोणीतरी टाइप केलेल्या आठवणी यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. ज्यांच्याकडे असा संगणक आहे त्यांनी तो बिघडण्याची वाट पाहू नये. येत्या रविवारी कापड काढा, फाइली आणि फॉन्ट उतरवून घ्या आणि एक प्रत मुलाबाळांपैकी कोणाकडे तरी देऊन ठेवा.