आसफजाही, इब्न खल्दून आणि रयत

हैदराबाद संस्थानाच्या अस्ताला इब्न खल्दूनचा सिद्धान्त लावण्याची एक सोयीस्कर रीत आहे. टोळीच्या एकजुटीतून, ‘असबिय्या’तून, सत्ता जन्मते, ऐषआरामात ती एकजूट विरते, तीन-चार पिढ्यांत घराणे कोसळते. ट्यूनिसमध्ये 1332 साली जन्मलेल्या या विचारवंताने ‘मुकद्दिमा’त (1377) घराण्याचे आयुष्य साधारण 120 वर्षे धरले. मग 1724 साली उभी राहिलेली आसफजाही 1948 पर्यंत, तब्बल 224 वर्षे, टिकली कशी?

उत्तर हिंगोलीच्या छावणीत आहे. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौज तेथे असे; खर्च निजामाच्या तिजोरीवर. त्या थकबाकीपोटीच 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. एकजूट केव्हाच संपली होती. सिंहासन तोलले होते ते भाडोत्री संगिनींनी, आणि त्यांचे भाडे भरत होता कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्यासारख्या गावांचा कुणबी. भाडोत्री फौज हे ऱ्हासाचे लक्षण, उतरत्या राज्यात कर वाढतात पण वसुली घटते, मिळकतीचे मूळ माणसाच्या श्रमात असते, हेही इब्न खल्दूननेच लिहिले. त्याचे आजचे भाष्यकार नेमकी हीच पाने उलटून जातात!

जमातवाद्यांनी तर असबिय्या म्हणजे धर्म, असाच अर्थ लावला. मूळ ग्रंथात तिचा पाया रक्ताचे व आश्रयाचे नाते आहे. धर्म तिला केवळ बळ देतो. इत्तेहादने गरीब मुसलमानाला पटवले की, तोच राज्याचा धनी आहे. वस्तुतः सर्फ-ए-खास आणि जहागिरी मिळून संस्थानाचा सुमारे 40 टक्के मुलूख व्यापत होत्या. त्यात मुसलमान विणकराचा वाटा कोणता? आणि देशमुखीचे वतन खाणारा हिंदू कोणत्या असबिय्यात बसतो? रझाकारांना विरोध करणारा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये मारला गेला. तोही मुसलमानच होता.

सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा आल्या. त्यानंतरच्या हिंसाचारात 27 ते 40 हजार माणसे मेल्याचा अंदाज सुंदरलाल समितीने दिला. मेले ते बहुतांश मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत डोंगरकड्याच्या शेजारचा नांदेड होता. सरकारने तो अहवाल दशकानुदशके दडवून ठेवला.

आणि मीर उस्मान अली? 26 जानेवारी 1950 रोजी ते राजप्रमुख झाले. वार्षिक तनखा 50 लाख रुपये. घराणे ‘कोसळले’ ते असे.