उभ्याने केलेली नोकरी

मंडळी, पुण्याला जाता-येता खालापूरच्या फूड मॉलला तुम्ही थांबत असालच. गाडीतून उतरायचं, पाय मोकळे करायचे, काहीतरी गरमागरम पोटात ढकलायचं आणि पुढे निघायचं. आपण पाय मोकळे करत असतो तेव्हा काउंटरपलीकडची मुलं किती तासांपासून उभी आहेत, हे मात्र आपल्या मनातही येत नाही.

"त्यात काय मोठंसं काम? बटणं दाबायची नि ट्रे पुढे सरकवायचा!" असं आमच्याच नात्यातले एक जण परवा म्हणाले. मला ते काही पटलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक्सप्रेसवे 2002 साली पूर्ण सुरू झाला. मॅकडोनाल्ड्स त्याआधी 1996 मध्ये दिल्ली-मुंबईत आलं होतं. असल्या दुकानांत एक दिवस कर्जत-खालापूरची पोरं टोपी घालून उभी राहतील, असं तेव्हा आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा अशाच एका साखळी हॉटेलात कामाला आहे. आईच्या बाई, म्हणून तोही मला बाईच म्हणतो.

त्याच्याकडून ऐकलं ते सांगते. आधी केसांना जाळी, वर टोपी, मग नखांची तपासणी. ठरलेल्या वेळेला हात धुवायचेच. बटाट्याच्या काड्या तेलात किती वेळ ठेवायच्या ते यंत्र सांगतं. ते वाजलं की तिकडे धावायचं. आज काउंटर, उद्या तळण, परवा फरशी नि स्वच्छतागृह. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकर बाहेर पडले की रांग दारापर्यंत जाते. जगाची दिवाळी असते तेव्हा यांची ड्युटी! आणि गंमत बघा, एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. त्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना खाऊ घालणाऱ्या पोराला स्वतःची मोटरसायकल घेऊन त्याच रस्त्याने कामावर जायची सोय नाही.

बोलायची वाक्यंसुद्धा ठरवून दिलेली. घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिनं लागेपर्यंत कर्जत स्टेशनात वडे विकायचे, तेही कष्टाचंच काम. पण वडेवाल्याची आरोळी त्याची स्वतःची असते. इथे कुणी कितीही खेकसलं तरी "आणखी काही हवं का सर?" हेच म्हणायचं, तेही हसून.

या नोकरीने काहीच दिलं नाही असं नाही हं. पगार वेळेवर खात्यात जमा होतो. वक्तशीरपणा अंगी आला, स्वच्छता आली, चार लोकांत बोलायची भीड चेपली. शाळेत आम्हाला जे जमलं नाही ते इथे सहा महिन्यांत झालं, असं त्याची आई हसत हसत म्हणते!

पण एक गोष्ट मला खटकते. पाळी संपेपर्यंत बसायचं नाही. दुकान रिकामं असलं तरी नाही. का, तर गिऱ्हाइकापुढे बसलेलं बरं दिसत नाही म्हणे. अहो, बँकेतला कारकून बसूनच पैसे मोजतो. त्यात आपला अपमान झाला असं कधी वाटलंय का कुणाला? आम्ही शिक्षक जन्मभर उभं राहूनच शिकवत आलो, पण वर्गात एक खुर्ची असायची. बसायचं की नाही, हे आमचं आम्ही ठरवायचो. साधं काम आणि छळ यांत एवढाच फरक असतो.

केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली कायद्यात बदल करून दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका त्यासाठी भांडल्या होत्या. आपल्याकडे मात्र सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानांतल्या कामाची मर्यादा दिवसाला नऊ तासांवरून दहा तास करायला मंजुरी दिली. तास वाढवायचे, तर निदान एक स्टूल तरी द्या!

त्याला कायद्याचीच वाट कशाला पाहायला हवी? गिऱ्हाईक म्हणून आपणही दोन शब्द बोलू शकतो. "तुमच्या मुलांना बसायला जागा नाही का?" असं मॅनेजरला विचारायला पैसे पडत नाहीत. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी स्टूल दिसेलही.

आणि हो, त्या मुलांशी मराठीत बोला. समोरचा पोरगा खोपोलीचा, आपण डोंबिवलीचे, आणि दोघं एकमेकांशी हिंदीत बोलतोय... "ए" म्हणून हाक मारण्याआधी छातीवरची पाटी वाचा. तिथे नाव लिहिलेलं असतं.

असो. तुमच्या घरातलं कुणी असं काम करत असेल तर जरूर कळवा. त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल.