चौकशी करा, पण अमानत सांभाळून

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ मध्ये एक सोय दिली. ऑल्ट कळ दाबून शब्दावर क्लिक केले की बाजूला चौकट उघडे आणि माहिती दिसे. इंटरनेटवरील सेवा निवडली असल्यास तो शब्द दूरच्या सर्व्हरकडे जाई आणि तेथून एक्सएमएल रूपात उत्तर येई. त्या सेवांत एन्कार्टा ज्ञानकोशही होता. तो २००९ मध्ये बंद झाला. याहू फायनान्सने २०१७ मध्ये शेअरभावांची जुनी सेवा थांबवली, तेव्हा तिच्यावर विसंबलेले एक्सेलचे तक्ते अडले.

यावरून व्यापारी बांधवांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. एक, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आलेला भाव त्या दिवसापुरता असतो. तो तारखेसह आपल्या वहीत उतरवावा. दुसरी अधिक महत्त्वाची. उत्तर आत येते, तसा प्रश्न बाहेर जातो. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची उधारी, कराराचा मजकूर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. शब्दाचा अर्थ खुशाल विचारावा. पण अमानत मालकाच्या परवानगीविना कोणाच्याही हाती देऊ नये, मग तो हात यंत्राचा का असेना.